कुंदाताईंच्या कपाळावरच्या दोन रेघा

“मॅडम, मला तर काय फरक दिसत नाय.”

कुंदाताईंनी माझा मोबाईल हातभर लांब धरला होता. स्क्रीनवर त्यांच्याच कपाळाचे दोन फोटो. एक उपचाराआधीचा, एक तीन महिन्यांनंतरचा. फरक होता. थोडा, पण होता. मला रागच आला.

मी त्वचेची डॉक्टर. दवाखाना पेणला, बुधवारी रोह्याला. सारख्या भुवया आवळून दोन भुवयांच्या मध्ये ज्या उभ्या रेघा पडतात, त्यांना आम्ही एक्स्प्रेशन लाइन्स म्हणतो. त्यांच्यावर इंजेक्शन असतं. ज्यांना सुई नको, त्यांना मी पेप्टाइडचं सीरम देते. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारीकसा तुकडा. स्नायूला ‘आवळ’ म्हणून जो निरोप जातो, तो काही पेप्टाइड्स जरा हळू करतात, असं कंपन्या सांगतात. पण सीरम लावायचं वरून आणि स्नायू असतो खोल. त्यामुळे परिणाम बेताचाच. हे मी प्रत्येकाला सांगते.

कुंदाताई पेणजवळच्या गडब गावच्या, चाळिशी ओलांडलेल्या. पेणच्या एका गणपती कारखान्यात आखणी करायच्या, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायच्या. कारखान्यातलं सगळ्यात मानाचं काम. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, बायका चिडवतात, सारखी वैतागलेली दिसतेस म्हणून. गिऱ्हाईक आलं की शेठसुद्धा म्हणतात, तोंड जरा हसरं ठेव गो. मी भिंगातून रेघा बघितल्या, फोटो काढले आणि संमतीचा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. बाहेर पेशंटची रांग होती. मी फॉर्म त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच भराभरा वाचून दाखवला. त्यांनी सही तेवढी केली.

तीन महिने या बाईने सकाळ-संध्याकाळ न चुकता सीरम लावलं. आणि आता म्हणत होत्या, फरक दिसत नाही. मी जरा घुश्शातच विचारलं, “बायका अजून चिडवतात का?”

“आता कोन चिडवनार? शेठनी आखणीवरनं उठवलं मला. दोन मूर्तींची बुबुळं सरकली. आता पॉलिश पेपर घेऊन घासायला बसते.”

बोलताना त्या अजून मोबाईलकडेच बघत होत्या. हात तसाच लांब, भुवया आवळलेल्या आणि मधोमध त्याच दोन रेघा. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रकाश कसला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझी चाळिशी माझ्या नाकावरच होती. त्याच चष्म्यातून मी तीन महिने त्यांचं कपाळ तपासत होते. तो काढून मी त्यांना दिला. त्यांनी घातला, सीरमचं खोकं उचललं आणि त्यावरची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचत गेल्या. कपाळ एकदम सैल. सीरमने जे तीन महिन्यांत केलं नाही, ते तिथल्या तिथे झालं.

दिसत नव्हतं तर सांगितलं का नाही, असं मी विचारलं. वर माझंच तोंड!

“मला वाटलं, रंगाच्या धुळीनं होतं. आनि कागद तर तुमीच वाचलात. म्हटलं, तुमच्याकडं तशीच पद्धत हाय.” चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “मॅडम, ह्यो पयल्याच दिवशी दिला असतात तर?”

पद्धत वगैरे काही नव्हती. गावची बाई, बोटं रंगाने माखलेली, हिला वाचता येत नसणार असं मी न विचारताच ठरवून टाकलं होतं. कुंदाताई बारावी पास आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. आजही आठवलं की कान तापतात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. नुसती चाळिशी लागली होती, दुसरं काही नाही. मग मी स्वतः कारखान्यात गेले, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. शेठ भला माणूस, सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, ती जागा दिली ओ दुसऱ्या बाईला. आता तिला कशी उठवू? पुढच्या सीझनला बघू.”

पलीकडे कुंदाताई नवा चष्मा लावून एका मूर्तीचा कान घासत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

दवाखान्यात येऊन मी त्यांचा फॉर्म काढला. सही सुरेख, वळणदार, आणि ठिपक्यांच्या रेघेपासून चांगली बोटभर खाली. शेजारी माझी सही होती, बरोबर रेघेवर.

आता मी फॉर्म कुणालाही आपणहून वाचून दाखवत नाही. हातात देते, आणि कागद किती लांब धरतात ते बघते. सीरमचं नंतर.