टॉकीजमध्ये आलेले चार दात

आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा आला आणि शर्ट खराब झाला. शर्ट माझा होता, म्हणून सांगतो.

माझी लेक वैशू बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. दुसऱ्या दिवशी ती सासरी निघणार होती, सिरोंच्याजवळच्या खेड्यात. तिथं गोदावरी आहे, ताजे मासे आहेत, सासूबाईंची तेलुगू आहे. टॉकीज मात्र नाही.

"बाबा, एक सिनेमा पाहू द्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मंग कधी भेटते का मालूम."

"तू पाह्य. बाबूले मी पाहतो."

बाबू म्हणजे नातू. सात महिन्यांचा, तोंडात एकही दात नाही. आतून बायको म्हणाली, "तुमच्याच्यानं होते का?" सांगा, तीन लेकरं वाढवलेल्या माणसाला हे विचारायचं? वाढवली तिनंच, पण घर माझ्या नावावर आहे ना.

वडशाच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ. आता आम्ही पडलो झाडीपट्टीची माणसं. हिवाळ्यात रात्रभर चालणाऱ्या नाटकाला जातो ते चादर घेऊन. लेकरं निजली की सगळ्यांची एकाच चादरीवर ओळीनं टाकायची, आणि जे रडेल ते ज्याचा हात पोचेल त्यानं उचलायचं. तीच सवय. आमची रांग शेवटची होती, मागं मोकळी जागा होती. चादर अंथरली, बाबूला निजवलं.

मला सिनेमा पाहायचाच नव्हता. पण पडद्यावर हाणामारी सुरू झाल्यावर माणूस पाठ करून बसेल का? रंगात आलो आणि मागून भोंगा वाजला. वळलो, अंधारात पिवळी टोपी आणि पिवळं ब्लँकेट दिसलं, ते उचललं, आणि वैशूनं पडद्यावरची नजर काढायच्या आत दाराबाहेर.

बाहेर झुलवलं, शिट्टी वाजवली, माकडासारख्या उड्या मारल्या. ऐकेना. शेवटी बोट तोंडात दिलं.

तर ते चावलं. दातांनी.

मी हादरलो. ओठ वर करून पाहिलं. दोन वर, दोन खाली. लगेच घरी फोन लावला.

"अवं, बाबूले दात आले."

"किती?"

"चार."

"सकाळी तं एक बी नव्हता."

"सिनेमा लंबा हाय."

 ती म्हणाली, "अवो, तोंड पाहा बरं त्याचं नीट."

"पाहूनच राह्यलो. माझ्यावर गेला हाय."

तुम्ही म्हणाल, चेहरा ओळखू आला नाही? टोपी भुवयांपर्यंत, तोंड रडून वांग्यासारखं. रडणारं लेकरू कोणाचंही असो, माझ्यावरच गेलेलं दिसतं.

एवढ्यात गेटकीपर धावत बाहेर आला. "भाऊ, आतून लेकरू चोरीले गेलं. पिवळी टोपी, पिवळं ब्लँकेट. कोणाले जाताना पाह्यलं का?"

सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं की लेकराला जे टोपी-ब्लँकेट मिळतं ते आमच्याकडे सगळ्यांचं सारखंच. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट अंगात वीरश्री संचारली.

"इथून मुंगी नाई गेली," म्हणालो आणि मीच फाटक ओढून कडी घातली.

सिनेमा थांबला. लोक बाहेर लोटले. मी पायरीवर चढलो. "लेकरू सांभाळता येत नाई तं सिनेमाले आणता काऊन? हे पाहा. मी एकटा माणूस, पण मिनिटभर खाली ठेवलं नाई." आणि नमुना म्हणून लेकरू दोन्ही हातांनी उंच धरलं.

गर्दीतून एक बाई पुढं आली, रडून डोळे सुजलेले. लेकरानं तिला पाहिलं, हात पसरले आणि चारही दात दाखवून हसलं.

"माही पोरगी," बाई म्हणाली.

पोरगी. अहो, चार दात मी कसेतरी पचवले होते.

बाईच्या मागं वैशू उभी. कडेवर बाबू, पिवळ्या टोपीत, गाढ झोपलेला.

बाईनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. "चादर दिसली म्हणून निजवली होती जी. नाटकात निजवतो तशी."

दोघा-तिघांनी बाह्या वर केल्या. मी गेटकीपरच्या आड झालो. गेटकीपर मध्ये पडला. "चोर असता तं सोताच फाटक लावून उभा राह्यला असता का?"

"मंग कोण हाय हा?"

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "येडा हाय."

सगळ्यांना पटलं. वैशूलाही.

सिनेमा थांबला होता तिथून परत सुरू झाला. दोन्ही लेकरं चादरीवर गेली. बाई वैशूला म्हणाली, "ताई, तुमी बिनधास्त पाहा. दोघांवर माही नजर हाय."

"लेकरांचं भेव नाई जी," वैशू म्हणाली, आणि मला गेटकीपरच्या ताब्यात देऊन आत गेली. शेवटपर्यंत पाहिला तिनं सिनेमा.

मी बाहेर स्टुलावर. फोन वाजला. बायको.

"आता किती झाले दात?"

"एक बी नाई," मी म्हणालो. "पडले सगळे."

 तिनं काळजीनं विचारलं, "कोणाचे? तुमचे?"