भोंग्याची शिट्टी

दापोऱ्याचा भिकन महाजन म्हणजे एके काळी केवढं प्रस्थ होतं, हे आता सांगायला गेलं तर पोरं हसतात. हसू देत. त्यांना काय ठाऊक! तापीच्या या काठाला नाहीतर पल्याड लग्न निघालं, की लोक आधी भटजीला विचारत आणि लगेच भिकनला. कडुलिंबाच्या शेंड्याला भोंगा बांधायचा, खाली बाजेवर आवाज वाढवायचं मशीन मांडायचं आणि नवरीच्या घरची गाणी पार केळीच्या बागांपलीकडे पोहोचवायची. भोंग्यावर लाल रंगात ‘वंदना साउंड सर्व्हिस’ लिहिलेलं. वंदना म्हणजे त्याची बायको. तिच्या नावाचा डंका असा गावोगाव वाजायचा, आणि ती बिचारी लाजून पदर तोंडात धरायची.

मग डीजे आले. भिंतीएवढे डबे, छातीत धडधड. गाव सोडून भिकन बुऱ्हानपूरला राहायला आला, भोंगे घराच्या माळ्यावर गेले आणि तो पंखे, मिक्सर दुरुस्त करत बसला. भोंगे गेले ते गेले, जाताना त्याचे कानही घेऊन गेले. सगळी उमर भोंग्याच्या बुडाशी बसून काढली, दुसरं काय होणार? जाड आवाज यायचा, बारीक मेला होता. कुकरची शिट्टी, फोनची रिंग, पहाटेची पाखरं, सगळं गेलं. पण कबूल करेल तर तो भिकन कसला! साउंडवाला बहिरा, असं लोक म्हणतील, या एका धास्तीनं तो माणसांतून उठून जायचा. वंदनाबाईला सगळं कळत होतं. ती बोलत नव्हती इतकंच.

अशात एक दिवस जुन्या वस्तू शोधत पल्लवी आली. पोरगी इंदूरला शिकून आलेली, लग्नं आणि घरं सजवायचा धंदा. सध्या म्हणे सगळ्यांना जुनं हवं. आजोबांच्या काळचा रेडिओ दिवाणखान्यात, बेलबॉटम लग्नात, भिंतीला जुन्या फरशीच्या नक्षीचा कागद. भोंगे बघून ती हरखलीच. त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, यांचे छतावरून टांगायचे दिवे करू, आत पिवळा बल्ब. भिकननं भोंगा आपल्याकडे ओढून घेतला. वाजत्या भोंग्यात बल्ब?

त्यानं तिला अट घातली. जैनाबादच्या एका केळीच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं, भूमिकाचं लग्न पल्लवीनं सजवायला घेतलं होतं, सगळा थाट जुन्या काळचा. तिथे मंगलाष्टकं या भोंग्यावर होऊ देत. नीट वाजले तर पुढच्या लग्नांना भोंगे वाजवायला न्यायचे, भिकनसकट. नाही वाजले तर घेऊन जा आणि दिवे कर, नाहीतर कुंड्या कर. पल्लवीला गंमत वाटली. ती हो म्हणाली.

त्या दिवसापासून भिकनला अन्न गोड लागेना. भोंग्यांच्या बुडातली, आवाज काढणारी युनिटं उघडली, पुसली, वायरी बदलल्या. मशीनमधल्या व्हॉल्व्हची लाल वात पेटली तसा त्याच्या डोळ्यांत जीव आला. पण ऐकायचं कोणाच्या कानानं? तेव्हा त्यानं जुनी रीत काढली. पूर्वी मशीनवाला कोपऱ्यात, वऱ्हाड लांब, तर एक माणूस वऱ्हाडात उभा राहून खुणा करायचा. हात वर म्हणजे आवाज चढव, हात खाली म्हणजे उतरव, मूठ म्हणजे बंद. नवीन लग्न झालेलं तेव्हा वंदनाबाईच ते काम करायची. आता पुन्हा तिलाच उभं राहायचं होतं. ‘तू नुसती मला दिसत राहा,’ एवढंच तो तिला म्हणाला.

लग्नाच्या संध्याकाळी जैनाबादच्या त्या बागेत काय तो थाट! पोरं मोठ्या कॉलरचे शर्ट घालून, पोरी ठिपक्यांच्या साड्या नेसून, दाराशी फुलांनी मढवलेली जुनी स्कूटर. एका मेजावर लाकडी रेडिओ होता. भिकननं कौतुकानं मागून डोकावलं, तर आतलं सगळं काढून एक मोबाईलवर चालणारा डबा बसवलेला. नुसतं खोकं! त्यानं जाऊन आपल्या भोंग्यांच्या दोऱ्या पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. डीजेवाला मयूर आपले डबे बंद करून, हाताची घडी घालून बघत होता.

अंतरपाट धरला गेला. भटजींनी माईकसमोर गळा साफ केला आणि भोंग्यातून पहिलं कडवं निघालं. भिकनला घनगंभीर घुमारा तेवढा आला, पण आला! वऱ्हाडातले म्हातारे माना डोलवायला लागले. वंदनाबाई समोर, हात पोटाशी धरलेले, चेहरा निवांत. देवा, एवढं निभाव, असं भिकन मनाशी म्हणाला.

आता बघा घात कसा झाला. मांडवातल्या बायका अक्षता वाटत होत्या. कोणीतरी वंदनाबाईच्या मुठीतही घातल्या. लग्नाला आलेली बाई, अक्षता नको कशी म्हणेल? ‘शुभमंगल सावधान’ झालं, साऱ्या वऱ्हाडाबरोबर तिचाही हात सवयीनं वर गेला. भिकनची नजर तर फक्त तिच्यावर. शेकडो हात वर गेले असतील, त्याला तो एकच दिसला. हात वर म्हणजे चढव. त्यानं बटण फिरवलं.

भोंग्यानं शिट्टी मारली. माईकचा आवाज भोंग्यात, भोंग्याचा माईकमध्ये, अशी ती बारीक, कानात सुया टोचणारी शिट्टी. भिकनला एवढीसुद्धा ऐकू आली नाही. वंदनाबाईनं हात खाली केला, पण समोर माणसं उभी, खालचा हात दिसणार कसा? मग ती, मुठीची खूण पार विसरून, टाचा उंचावून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन, नको, नको, असे हलवायला लागली. आणि भिकनला वाटलं, मागच्यांना ऐकू जात नसेल. त्यानं आणखी चढवलं.

लेकरं रडायला लागली. भटजी थांबले. नवरीनं मेंदीचे हात कानांवर दाबले, अंतरपाट धरणाऱ्यांनी तो तसाच सोडला. सगळं वऱ्हाड वळून आपल्याकडे बघतंय हे भिकननं पाहिलं, तेव्हा त्यानं मागच्या खांबावरच्या भोंग्याला तळहात लावला. भोंगा थरथरत होता. बारीक, अगदी बारीक. त्यानं बटण बंद केलं. मयूरनं धावत येऊन आपला माईक भटजींच्या हातात दिला, आणि उरलेली मंगलाष्टकं डीजेच्या डब्यांवर पार पडली.

भिकन मशीनपाशी खाली मान घालून बसला. आता पल्लवी येणार, चार शब्द सुनावणार. ती आली ती हसत. हातातल्या मोबाईलवर पोरांनी काढलेला व्हिडिओ दाखवत, डीजे दणाणत होता म्हणून त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, ‘काका, कमाल कर दी! असली जुना फील. पुढच्या लग्नातपण हीच शिट्टी पाहिजे मला, बिलकुल अशीच.’

म्हणजे काम मिळालं होतं. ज्यासाठी जीव टांगणीला लावला, ते समोर चालून आलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. भिकननं वंदनाबाईकडे पाहिलं. ती डोळे पुसत उभी होती, आणि तिच्या मुठीत अजून चार अक्षता चिकटून होत्या.

‘पोरी,’ तो म्हणाला, ‘ती शिट्टी मला ऐकूच आली नाही. कोणतीच येत नाही. लई वर्षं झाली.’

पल्लवीचं हसू विरलं. भिकननं खिशातून पाना काढला, एकेक भोंगा उतरवून मागचं युनिट खोललं आणि पिशवीत टाकलं. रिकामे भोंगे तिच्यापुढे ओळीनं ठेवले. लाल अक्षरं वर येतील असे ठेवले. बल्ब पिवळाच लाव, एवढंच सांगितलं.

परतताना रिक्षा तापीच्या पुलावर आली. राजघाटावर आरतीचे दिवे हलत होते, घंटा वाजत असणार. पिशवी मांडीवर घेऊन भिकननं बायकोला विचारलं, लई वेळ वाजली का गं ती? ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मग तिनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, इतकुशी. ती खोटं सांगतेय हे त्याला कळलं. यापुढे घरात ती आपल्याशी अशीच, हातानंच बोलणार, हेही कळलं, आणि तो पिशवीत तोंड घालून रडला. किती मोठ्यानं रडतोय, ते त्याला समजलं नाही. पुढे बसलेल्या रिक्षावाल्यानं मात्र दोनदा मागे वळून पाहिलं.