वारुळाचं चित्र

“माझ्या धाकट्या जावेनंच दाखवली आसंल अळंबीची जागा. दुसरं कोन व्हतं आमच्यासंग?”

मोखाड्याच्या आठवडे बाजारात करटुल्यांच्या ढिगामागे बसून मावशी शेजारणीला सांगत होती. मी समोर पिशवी धरून उभी होते. शेजारणीने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. “ही बाय व्हती ना?”

“ही?” मावशी हसली. “हिला रानात सोडली तर घरची वाट गवसायची नाय. ही काय जागा दावती.”

दोघी हसल्या. मीही हसले, करटुली घेतली आणि घरी आले.

मावशी आमच्या दारी रानभाज्या घेऊन यायची. वडील कचेरीत कारकून. त्यांनी मला लहानपणीच नाशिकला इंग्रजी शाळेत ठेवलं, त्यामुळे इथलं रान मी सुट्टीला येता-जाता एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. संगणकाची पदवी घेऊन परत आले आणि जव्हारच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. रोज जीपने जायचं, वीज असेल तेवढा वेळ शिकवायचं, ती गेली की पंख्याखाली उगाच बसून राहायचं, मग परत जीप.

मधल्या वेळात मी एक गेम बनवत होते. त्यात गाडी नव्हती, बंदूक नव्हती. खेळणारा म्हणजे जमिनीखालचा बुरशीचा एक पांढरा धागा. त्याने मुळापर्यंत पोचायचं, झाडाला पाणी द्यायचं, बदल्यात साखर घ्यायची आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. जितकं खोल जाल तितकी वर अळंबी जास्त. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं. रान काढायला घेतलं तर माझी झाडं फुलकोबीसारखी दिसायची. म्हणून मावशीला विचारलं, मला एकदा नेशील का.

तिने दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा ती आणि तिची धाकटी जाऊ मला घेऊन गेल्या. ओहळापलीकडे ऐनाचं तीन खोडांचं एक झाड, दुभंगलेला कातळ, आणि त्याच्या पायथ्याशी वारूळ. वारुळाभोवती अळंबीच्या पांढऱ्या कळ्याच कळ्या. मावशीने कोयता लांब ठेवला. वारुळाला लोखंड लावायचं नाही, हाताने उपटायचं, उमललेल्या राहू द्यायच्या. “आनि जागा कोनाला सांगायची नाय. घरात बी नाय. माझ्या सुनेला मी मरताना सांगीन.” जाऊ म्हणाली, “तवर सून बी म्हातारी व्हईल.” मी मान डोलावली. मी कमी बोलते म्हणूनच मला नेलं असणार.

मी कोणाला एक शब्दही सांगितला नाही. फक्त गेममध्ये चित्र काढलं. ऐनाची तिन्ही खोडं, कातळाची भेग, ओहळाचं वळण, सगळं जसंच्या तसं. वेगळं काही मनाने रचायचं त्राण नव्हतं, हे खरं कारण. आणि पहिल्यांदाच माझं झाड झाडासारखं दिसत होतं.

क्लासमधली मुलं मोकळ्या वेळात गेम खेळायची. एक दिवस आमच्या गावाजवळच्या पाड्यावरची दोघं म्हणाली, “मॅडम, हा तर आमच्या वाटेवरचा ऐन. ते वारूळपण खरं आहे का?”

कित्येक महिन्यांत माझ्या कामाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी हो म्हणून गेले.

रविवारी ती मुलं पहार घेऊन गेली. गेममध्ये खाली गेलं की अळंबी वाढते, म्हणून त्यांनी वारूळ तळापर्यंत खणलं. सोमवारी मलाच येऊन सांगितलं, “खाली काही नाही, मॅडम. नुसती वाळवी आणि स्पंजासारखे गोळे.” ते गोळे म्हणजेच ती बुरशी. वाळवी ती पाळते आणि अळंबी तिच्यातूनच वर येते. झाडाच्या मुळांशी तिचा संबंधच नाही. हे मी त्यानंतर वाचलं. पुस्तक तेच होतं, पान पुढचं.

बाजारात मावशीने जावेवर घेतलेला आळ ऐकून आल्यावर त्या आठवड्यात मी ऐनाची दोन खोडं पुसली, वारूळ काढून टाकलं आणि फाइल सेव्ह केली. गेम पुढे नेण्याची इच्छा उरली नव्हती. मावशी दारी आली तेव्हा एकदा मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि आईच्याच हाती पाठवलं. जाऊ तिच्याबरोबर नव्हती. आता दोघींचं बोलणंही बंद आहे, असं आई म्हणाली.

मग एका सकाळी जीपमध्ये जाऊ आधीच बसलेली होती आणि मावशी चढली, तिच्यामागून मी. मावशी जावेकडे सरकेना. ड्रायव्हर म्हणाला, “सरका की मावशी. मधी काय नदी हाय का?”

“मधी बायला बसव,” मावशी म्हणाली.

मी दोघींच्या मध्ये बसले. दोघींचे खांदे मला लागत होते. घाट सुरू झाल्यावर जाऊ समोर बघतच म्हणाली, “बाय, तू व्हतीस ना तवा. तू तरी सांग. मी कोनाला दावली का?”

“तिला काय इचारतस,” मावशी म्हणाली. “ती बोलती कधी?”

समोरची माणसं हसली. मी नेहमीसारखं वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार केलं. ते लांबलचक होतं, त्यात बरीच कारणं होती. दोन वळणं गेली. कारणं मराठीत आणायचा कंटाळा आला.

“मावशी, यांनी नाही दाखवली. मी त्या जागेचं चित्र काढलं, क्लासच्या मुलांना दाखवलं, आणि जागा खरी आहे का विचारल्यावर हो म्हटलं.”