मिरचीवरचा आळ

"ताई, यात मिरचीचा काही दोष नाही," बायोप्सीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले. "प्रज्ञाच्या जठरात जंतू आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी त्याचं नाव. जठराच्या आतल्या अस्तरात तो घर करून राहतो. त्यामुळं अस्तराला सूज आलीय, तिला गॅस्ट्रायटिस म्हणतात. औषधानं जाईल."

एका बाजूला माझी लेक प्रज्ञा, दुसऱ्या बाजूला माझ्या सासूबाई बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. दोन वर्षं उठता-बसता 'तुझ्या चटणीनं पोरीचं पोट जाळलं' म्हणणाऱ्या आत्ती. त्या क्षणी मी नाचायला हवं होतं. मला झोप आली. त्याच खुर्चीत डोकं टेकावं आणि कुणी उठवू नये, एवढंच वाटलं. दुखणं पोराचं असतं, पण आईच्या अंगातलं पाणी आटतं.

ज्यांचं मूल रोज पोट धरून बसतं आणि ज्यांना रोज कुणीतरी अक्कल शिकवतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

प्रज्ञा सात वर्षांची होती तेव्हा सुरुवात झाली. शाळेतून आली की दप्तर टाकून उशी पोटाशी धरायची. दुखायचं बेंबीच्या वर. कधी जेवणाआधी, कधी जेवताना मध्येच. उलटी क्वचित. ताप नाही. आधी वाटलं जंत असतील, त्याचं औषध दिलं. मग कुणी म्हणालं बेंबी सरकली, तर एका म्हातारीकडून पोट चोळून आणलं. आत्तींनी दृष्ट काढली. आमच्या घरात बौद्ध धम्माची दीक्षा होऊन दोन पिढ्या झाल्या, पण आत्तींची दृष्ट काढायची सवय काही सुटली नाही. मिरचीनं दुखणं आलं म्हणायचं आणि मिरच्या ओवाळूनच ते उतरवायचं! मी एकदा तसं बोलले, तर चार दिवस अबोला.

मी उन्हाळ्यात लोकांच्या चटण्या करून देते. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कांडलेला वर्षाचा मसाला. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मार्च ते मे मिरच्या, सुकं खोबरं आणि ठसका. त्यामुळं आळ यायला वेळ लागला नाही. शेजारीण म्हणाली, पाहुणे म्हणाले, पहिल्या डॉक्टरांनीही चिठ्ठीवर 'तिखट बंद' लिहिलं.

बंद केलं. सगळ्यांचंच केलं. कोल्हापुरात राहून आम्ही वर्षभर पिवळं वरण आणि फिक्की भाजी खाल्ली. आमचे हे फाउंड्रीत भट्टीवर काम करून यायचे, ताट बघायचे आणि मुकाट जेवायचे. दुसऱ्या वर्षी मी चटणीचं कामही सोडलं. गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. प्रज्ञाचं पोट दुखायचं ते दुखतच राहिलं.

मग ती पांढरी पडत चालली. जिना चढून आली की दम लागायचा. तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. लोहाचं औषध सुरू केलं, तरी वाढेना. एका डॉक्टरांना या जंतूची शंका आली. त्यांनी रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या. अँटिबॉडी म्हणजे जंतूशी लढायला शरीर जे तयार करतं ते. ते रक्तात सापडलं की जंतू येऊन गेला किंवा आत आहे असं समजायचं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला.

त्या एका शब्दानं पोरीचे हाल केले. "काय न्हाय तिला. शाळा चुकवायची नाटकं हायेत," आत्ती म्हणाल्या. ती पोट दुखतंय म्हणाली, तर वर्गातल्या बाईंनी तिला बाकावर उभं केलं. प्रज्ञानं मग सांगणंच सोडलं. ओठ दाबून बसायची. मी विचारलं की म्हणायची, "न्हाय दुखत." मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटायचं. मी खोटं कशाला बोलू, मलाही कधीकधी शंका यायची. पण झोपेतसुद्धा तिचा हात पोटावर असायचा. झोपेत कोण नाटक करतं?

मोठ्या हॉस्पिटलात मीच घेऊन गेले. बालरोगतज्ज्ञांनी एंडोस्कोपी करायची ठरवली. म्हणजे तोंडातून बारीक नळी घालून जठर आतून बघायचं आणि तिथला कणभर तुकडा तपासायला घ्यायचा. त्यालाच बायोप्सी म्हणतात. मुलांना गुंगी देतात, त्यांना कळत नाही. कळतं ते बाहेर बसलेल्यांना. दाराबाहेर चपलांचा ढीग, बाकावर आम्ही दोघी, आत पोरगी. आत्तींनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. आजीचा जीव होताच हो, त्याला मी नाही म्हणत नाही.

तर आता पुन्हा त्या रिपोर्टच्या दिवसाकडं येते. मी डॉक्टरांना विचारलं, "मग रक्तात का नाही आलं?"

डॉक्टर शांतपणे बोलत होते. म्हणाले, "जंतू आला की शरीर जे प्रत्युत्तर देतं त्याला इम्यून रिस्पॉन्स म्हणतात. मोठ्यांच्यात तो जोरात असतो, जठर चांगलंच सुजतं. लहान मुलांचं शरीर या जंतूशी तेवढं भांडत नाही. उलट आपल्याच लढणाऱ्या पेशींना आवरून धरतं. त्यामुळं अल्सर कमी होतात, हे चांगलं. पण जंतू निवांत राहतो, आणि अँटिबॉडी इतक्या थोड्या असतात की रक्ताच्या तपासणीत सापडत नाहीत. म्हणून मुलांच्यात त्या तपासणीवर आम्ही विसंबत नाही. बऱ्याच मुलांना हा जंतू असून त्रास होत नाही, हिला झाला. लोहही त्यामुळंच अंगी लागत नसणार."

म्हणजे पोरगी खरं सांगत होती. मी तिचा हात घट्ट धरला.

मग त्यांनी सहज विचारलं, "लहानपणी हिला कोण भरवायचं?"

"मीच की!" आत्ती खुलल्या. "हिच्या आईचं सगळं झणझणीत. मग मी मटणाची फोड आधी माझ्या तोंडात घालून, तिखट चोखून, मगच पोरीला द्यायची. एक दिस भाजू दिलं न्हाय तिला."

डॉक्टर म्हणाले, "आजी, हा जंतू बहुतेक लहानपणीच, घरातल्या घरात येतो. तोंडातूनही येऊ शकतो. पाण्यातूनही येत असेल. कुणाकडून आला ते आता सांगता येत नाही. पण उष्टा घास नको. आणि पोटाचा त्रास असणाऱ्या मोठ्यांनीही तपासून घ्या."

आत्तींचा चेहरा उतरला. मी तो बघितला आणि तरीही रिक्षात बसल्यावर बोलले. "दोन वर्षं माझ्या चटणीला शिव्या घातल्यासा. माझं काम घालवलंसा. आणि कुणाच्या तोंडातनं गेला जंतू? बोला की आता!"

आमच्या मध्ये प्रज्ञा दोघींची तोंडं बघत बसली होती.

औषधं सुरू झाली. दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी एक गोळी, दोन आठवडे, एकही डोस चुकवायचा नाही. तोंड कडू होतं, मळमळतं, मूल रडतं. दुखणं कमी झालं म्हणून मध्येच थांबवू नका, जंतू चिवट असतो. माझे ते दिवस गोळी, गूळ, बादली आणि विनवण्या यांतच गेले.

त्याच धांदलीत एकदा भांडी घासताना आत्तींची कपबशी दिसेना. शोधली, तर मोरीच्या खिडकीत होती. ताट, तांब्याही तिथंच. कधीपासून आपलं आपण धुऊन वेगळं ठेवत होत्या, मला पत्ता नाही.

"हे काय हो, आत्ती?"

"असू दे. ल्हान असताना गावात चहाच्या हाटेलाभाईर आमची कपबशी अशीच येगळी असायची. सवय हाय मला."

त्या रागानं बोलल्या असत्या तर मी उलट बोलले असते. पण साध्या आवाजात बोलल्या. ज्या घरात असं काही होऊ नये म्हणून मागच्यांनी जन्म घालवले, त्या घरात मी हे करून ठेवलं होतं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही दोघींनीही रक्त तपासायला दिलं होतं, त्याचे रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आणले. मलाही वर्षानुवर्षं पित्त, पण बाईच्या पित्ताकडं कोण बघतं? आत्तींचा पॉझिटिव्ह, माझाही पॉझिटिव्ह. मीही प्रज्ञाला चमचा चाटून, गरम आहे का बघूनच भरवत आले होते. कुणाचा कुणाला गेला, देव जाणे.

मी तो कागद आत्तींपुढं धरला. "बघा. माझंबी तसंच आलंय." मग मोरीतली कपबशी आणली आणि त्यांच्या कपात मीच चहा ओतून प्याले.

"अगं, खुळी का काय तू!" आत्ती ओरडल्या.

"धुतलं की जातंय सगळं, डॉक्टर म्हणालेत. दोघींनी बरोबरच गोळ्या खायच्यात. मी रिक्षात बोलले ते चुकलं माझं, आत्ती."

त्यांनी कप हिसकावून घेतला, घासला आणि मांडणीवर सगळ्यांच्या कपांत ठेवला. रडलो दोघीही.

औषध संपल्यावर काही आठवड्यांनी प्रज्ञाची पुन्हा एंडोस्कोपी झाली. जंतू गेला होता. लोह अंगी लागू लागलं, गालांवर रंग आला. बरं झालं म्हणजे सगळं एकदम झालं असं नाही. तिचं पोट दुखलं की अजून आम्ही दोघी हातातलं काम टाकून धावतो. पण आता ती दुखलं तर दुखलं म्हणून सांगते. त्या डॉक्टरांची मी जन्माची ऋणी आहे, त्यांनी सगळ्यात आधी पोरीवर विश्वास ठेवला. तुम्हीही ठेवा. कागद चुकू शकतो.

जंतू गेल्याचं कळलं त्या रविवारी पुष्कळ दिवसांनी घरात तांबडा रस्सा झाला. प्रज्ञा पाटावर बसली आणि म्हणाली, "आजी, भरव की."

"एवढी घोडी झालीस, आता काय भरवायचं?" आत्ती म्हणाल्या, पण डोळे माझ्याकडं. या घरात मी सून म्हणून आल्यापासून त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. आज नातीला घास द्यायला माझी परवानगी मागत होत्या.

"भरवा की, आत्ती. पोरगी तुमचीच हाय."

आत्ती उठल्या, मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, आणि फोड रश्शातून काढून पाण्यात विसळून प्रज्ञाच्या तोंडात घातली.