मी पातळ काचेची बाजू घेतली

आमच्या लीड्सच्या घरात टॉवेल वाळवायच्या गरम कपाटाचं दार आता लागत नाही. त्याला कारण माझी तत्त्वं आहेत.

आई हॉस्पिटलात नर्स, शिवाय युनियनची कार्यकर्ती. मी वाचायला शिकले तीच तिच्या पत्रकांवर. (माझा पहिला शब्द 'निषेध' होता, असं बाबा सांगतात. साफ खोटं. मी निषेध करते!) बाबा शांत. ते घरी बिअर बनवतात. यंदाची खास होती. त्यांचे जुने मित्र सुधीरकाका कायमचे पुण्याला निघाले होते आणि निरोपाला बाबांच्याच हातची बिअर हवी, असा त्यांचा हट्ट होता.

"नव्या बाटल्या आणायच्या नाहीत," मी जाहीर केलं आणि अख्ख्या रस्त्यावर घरोघरी पत्रकं टाकली: 'रिकामी बाटली फेकू नका, आम्हाला द्या!' शेजाऱ्यांनी खोकी भरभरून बाटल्या दिल्या. माझ्या एकाही पत्रकाला इतका प्रतिसाद आला नव्हता!

बाबा तांदूळ निवडावेत तशा बाटल्या निवडू लागले. हातात तोलायची, काठावरून बोट फिरवायचं. जाड, तपकिरी काचेची डावीकडे. बाकी सगळ्या उजवीकडे, रिसायकलिंगला.

"बाबा, रंग बघून बाजूला काढता?"

"अगं, पांढऱ्या काचेतून उजेड लागला की बिअर बिघडते. आणि ह्या तपकिरी आहेत, पण पातळ. आत गॅस धरला की फुटतील."

"संधीच दिली नाही तर कळणार कसं?"

"बाटली आहे गं ती," बाबा म्हणाले. "इंटरव्ह्यूला नाही आलेली."

दुसऱ्या दिवशी आईबाबा काकांचं सामान बांधायला गेले. बाटल्या भरायचं काम मी मागून घेतलं. आणि उजवीकडच्या ढिगातल्या बारा पातळ तपकिरी बाटल्यांना मी न्याय दिला! भरल्या, झाकणं ठोकली, जाड बाटल्यांच्या मधेमधे उभ्या केल्या. थंडीत यीस्ट झोपू नये म्हणून सगळं वरच्या मजल्यावरच्या गरम कपाटात.

काका शनिवारी दुपारी जेवायला आले. रविवारी विमान. बाबा बिअर आणायला उठणार, एवढ्यात वर धडाम!

"दिवाळी का रे?" काकांनी विचारलं.

पुन्हा धडाम. मग एकीनं दुसरीला घेऊन फुटायचं ठरवलं असावं. शेवटी फळीच कोसळली.

"कुणी वर जायचं नाही! काचा असतील!" आई ओरडली.

छताला डाग पडला, वाढला, आणि काकांच्या टकलावर थेंब गळू लागले. काकांनी बोटानं पुसून चाखलं.

"छान झालीय रे," ते म्हणाले.

बाबा हसले नाहीत. "माझ्याच हातून साखर जास्त पडून गॅस वाढला असेल. सॉरी, सुधीर."

"असू दे. पुढच्या वेळी."

पुढची वेळ येणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. कौन्सिलच्या दारात घसा फोडून ओरडणारी मी, मला पाच शब्द बोलायला अख्खा वरणभात लागला.

"बाबा, पातळ बाटल्या... मी भरल्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी रागावतील. ते उठले, उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा आणला आणि ओल्या कार्पेटवर एकेक अंथरू लागले. काकाही गुडघे टेकून मदतीला बसले. निरोपाची दुपार दोघांनी अशी घालवली.

"कागद चांगला आहे," बाबा म्हणाले. "छान शोषून घेतो."

माझं लिखाण कुणाच्या उपयोगी पडल्याची ती पहिली आणि आजवरची शेवटची वेळ.