सात कोनांची सोनाई

कुमुद खिल्लारे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एसटीनं कोकणातून आलेल्या कॅनमधलं पाणी हुंगत होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्याच दिवशी मी रुजू झालो होतो. भीत भीत विचारलं, "मॅडम, आपल्या गावाला कुठं समुद्र हाय?"

"म्हणून तर मागवावा लागतो, दामूमामा," त्या म्हणाल्या.

माझं शिक्षण जेमतेम. मॅडमच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मोठमोठे प्राध्यापक लिहिणार आहेत, त्यात माझं काही चुकू नये म्हणून हा मजकूर सुनेकडून दोनदा तपासून घेतला. तरी धाकधूक आहेच.

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव तरंगत असतात. त्यांना प्लवक म्हणतात. काहींच्या अंगात काचेसारखा, सिलिकाचा नाजूक सांगाडा असतो. मॅडम ते पाणी आम्लात उकळत. मांस जळून जाई, सांगाडा उरे. मग कोन आणि काटे पाहून त्या त्याची प्रजाती ठरवत. मला आम्लाच्या वाफेची फार भीती. हे त्यांनी ओळखलं आणि कुणाला न सांगता ते काम कायमचं स्वतःकडे घेतलं. "तुम्ही बाटल्या धुवा, हे मी बघते," एवढंच म्हणाल्या.

सहा कोनांचे सांगाडे पुष्कळ मिळत. एकदा सात कोनांचा मिळाला. ती नवी प्रजाती ठरली आणि मॅडमनी तिला आपल्या आईचं नाव दिलं, सोनाई. आई बांधकामावर टोपल्या वाहायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिचं नाव जगाच्या पुस्तकात लागलं.

निवृत्तीनंतरही मॅडम विभागात येतात. मीही पडेगावहून येतो, घरी जीव लागत नाही म्हणून. विभागातली संशोधक विद्यार्थिनी रेश्मा हे जीव जाळत नाही, थंड पेटीत जिवंत वाढवते. गेल्या महिन्यात तिनं मला बाजूला घेतलं.

"मामा, सहा कोनवाल्याच्या अंगात दुसरा सांगाडा बनतोय. उसको सात कोन है."

"मग?"

"मग सोनाई वेगळी नाहीच. त्याचंच लेकरू. सहा कोनवाल्याचं जुनं नाव राहणार, सोनाई जाणार. मॅडमको कैसा बोलूं?"

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर सोनाईचंच चित्र ठरलं होतं. "घाई करू नको पोरी. पंचाहत्तरीचा सत्कार होऊ दे," मी म्हणालो.

तेवढ्यात मॅडमच आत आल्या. "कसली कुजबुज चाललीय?"

"काय नाय मॅडम, पंखा लई वाजतोय."

रेश्माला खोटं जमलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी पाण्याचा ग्लास भरून उभा.

"अगं, हे तर पोहतंय," त्या म्हणाल्या. "सोन्याच्या रंगाचं आहे. शेपटी बघ कशी हलवतंय. मी जन्मभर यांची हाडंच बघितली गं, आणि हाडांवरून सख्ख्या मायलेकींना परक्या ठरवलं."

मला राहवलं नाही. "पण मॅडम, आईचं नाव?"

"ते कुणी खोडत नाही, मामा. जुन्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं. आईला तरी कुठं पुढं बसायला आवडायचं?" मग रेश्माकडे वळून म्हणाल्या, "सत्काराला भाषणं कमी ठेव. हे पडद्यावर दाखव. पहिलं वाक्य म्हण, मॅडम चुकल्या."

"मैं नही बोलती," रेश्मा म्हणाली.

"मग मी बोलते. सरकून बस, मला अजून बघू दे."

त्या दिवशी दुपारचं जेवण मॅडम विसरल्या. एवढ्या खुशीत मी त्यांना सोनाईचं नाव लागलं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

आता मला काळजी आहे ती ऐन सत्कारात वीज जाण्याची. मॅडमची नाही. त्यांची तब्येत ठणठणीत राहो, नजर शाबूत राहो आणि त्यांना भरपूर वर्षं मिळोत. त्यांना ती लागणार आहेत. रेश्माच्या दुसऱ्या बशीत काल आठ कोनांचा एक दिसला, आणि मॅडमनी खुर्ची आधीच तिकडे ओढून घेतली आहे.