पाचवा माणूस आला तर

धनाजीइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ऑफिस बंद करताना तो कुलूप ओढून बघायचा, जिना उतरायचा आणि परत वर जाऊन पुन्हा ओढायचा. रस्त्याने जाताना कुणाच्या बाल्कनीखालून चालायचा नाही, उन्हातून वळसा घालायचा. मी त्याला चिडवायचे, "अरे, डोक्यावर आभाळसुद्धा आहे, त्याचं काय करणार?" तो हसायचा नाही.

वाशीला अभिराम साहेबांचं छोटं ऑफिस होतं. इमारतीच्या स्लॅबमध्ये कुठे किती सळ्या घालायच्या, त्याचे नकाशे आम्ही करून द्यायचो. साहेब हिशेब करायचे, धनाजी आणि क्षिप्रा कॉम्प्युटरवर नकाशे काढायचे आणि मी टायपिंग, फोन आणि सगळ्यांची भांडणं सांभाळायचे. धनाजी पाटणकडचा. कोयनेच्या भूकंपात त्यांच्या घराची भिंत पडली आणि धाकटी बहीण तिच्याखाली गेली. हे त्याने मला एकदाच सांगितलं, जेवणाचा डबा बंद करता करता. त्यानंतर मी आभाळाची थट्टा सोडून दिली.

त्र्याण्णव साली साहेबांच्या डोक्यात सर्व्हर शिरला. तोवर ज्याच्या त्याच्या मशीनमध्ये ज्याच्या त्याच्या फाइली असायच्या आणि फ्लॉपी या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची. आता एकच मोठं मशीन, सगळे नकाशे त्यात, आणि टेबलाटेबलापर्यंत तार. फाइली त्यात हलवण्याचं काम धनाजीकडे आलं.

"सगळं एकाच जागी ठेवायचं?" त्याने विचारलं. "तिथंच घोळ झाला तर?"

"तू घाबरायचं सोड आणि कॉपी करायला लाग," साहेब म्हणाले.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. धनाजी पेपर उघडत नव्हता. त्याच धास्तीने त्याने साहेबांच्या मागे लागून जुईनगरच्या एका इमारतीच्या बाल्कन्यांचा हिशेब पुन्हा करून घेतला होता. सळ्या खरोखरच कमी निघाल्या. साहेबांनी त्या वाढवल्या आणि धनाजीने आपल्या मशीनवरचा नकाशा सुधारला.

सर्व्हर दसऱ्यालाच सुरू व्हायला हवा, हा साहेबांचा हट्ट. फाइली ताडून बघायला धनाजीला आणखी वेळ हवा होता. "मग दसरा पुढे ढकलू का?" असं साहेबांनी विचारल्यावर तो कामाला लागला. त्याने आधी स्वतःच्या मशीनमधल्या फाइली सर्व्हरवर टाकल्या, मग क्षिप्राच्या. क्षिप्राकडे जुईनगरचा जुना नकाशा त्याच नावाने पडून होता. तेव्हाचे कॉम्प्युटर एका फाइलवर त्याच नावाची दुसरी टाकताना काही विचारत नसत. सुधारलेला नकाशा पुसला गेला आणि त्या जागी जुना बसला. वर साहेबांच्या हुकमाने दोघांची मशीनंही रिकामी केली, कुणी आपलं वेगळं घोडं दामटू नये म्हणून.

दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घातला, वर आपट्याची पानं ठेवली, पेढे वाटले. मुहूर्ताची पहिली प्रिंट जुईनगरच्या स्लॅबची काढली आणि कंत्राटदार हौसेरावांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली.

साइटवर सळ्या बांधून झाल्या. साहेबांनी त्या कागदाशी ताडून पाहिल्या. कागदच जुना, तर चूक दिसणार कुठे? पुढे एके दुपारी वरच्या मजल्याचा नकाशा करायचा म्हणून धनाजीने ती फाइल उघडली. मी चहा घेऊन त्याच्या टेबलाशी गेले, तर त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"ताई, हा माझा नकाशा नाय," तो म्हणाला. "ह्यो जुना हाय. आन् हौसेरावाकडं ह्योच गेलाय."

साहेब पुण्याला गेले होते. साइटवर फोन नव्हता. "तुमी चला," धनाजी म्हणाला, "माझ्या तोंडातनं शब्द फुटायचा नाय." रिक्षात तो सारखा पुटपुटत होता, "झाला नसंल, अजून स्लॅब झाला नसंल." मीसुद्धा मनातून हादरले होते, पण त्याला दाखवलं नाही.

एका बाजूचा स्लॅब आदल्या दिवशीच झाला होता. दुसऱ्या बाजूचा चालू होता. मिक्सर घरघरत होता, घमेल्यांची रांग लागली होती आणि कडेची बाल्कनी तेवढी भरायची राहिली होती. धनाजी वर चढला आणि थेट त्या बाल्कनीच्या सळ्यांवर जाऊन उभा राहिला. कडेला कठडा नव्हता. बाल्कनीखालूनही न जाणारा हा माणूस तिथे उभा असलेला मला खालून दिसत होता.

"हितं माल टाकू नका," तो म्हणाला. "सळ्या कमी हायत."

"कागदापरमानं बांधल्यात," हौसेराव म्हणाले. "बाजूला हो. माल सेट व्हाय लागलाय."

"कागद चुकलाय."

"मग साहेबाला आन."

धनाजी खाली बसला. दोन्ही हातांनी सळ्या धरल्या. "मग वता माझ्या अंगावर," तो म्हणाला.

हौसेरावांनी त्याचं सगळं खानदान काढलं. मग मुकाट्याने आणखी सळ्या मागवल्या.

पण आदल्या दिवशीची बाल्कनी घट्ट झाली होती. साहेब आले, हिशेब मांडून बसले आणि म्हणाले, "चार माणसं उभी राहिली तरी काही होणार नाही."

"पाचवा आला तर?" धनाजीने विचारलं.

साहेब त्याच्यावर खेकसले. बिल्डर तोडायला तयार नव्हता आणि साहेबांनीही ते लावून धरलं नाही. मला दोघांचा संताप आला, पण टायपिस्ट बाईच्या संतापाला कोण विचारतो?

इमारत उभी राहिली, तेव्हा धनाजीने कर्ज काढून तिथे घर घेतलं. वास्तुशांतीला मी गेले. त्याची बायको उज्वला हौसेने घर दाखवत होती. हॉलमध्ये बाल्कनीच्या दारासमोर एक मोठं लोखंडी कपाट आडवं ठेवलेलं पाहिलं आणि मला कळलं. घर तेच होतं, कमी सळ्यांच्या बाल्कनीचं.

"वारा नाही, उजेड नाही," उज्वला म्हणाली. "कपडे वाळत घालू म्हटलं तर ऐकत नाहीत. तुम्ही तरी सांगा."

पाहुण्यांची पोरं हॉलभर हुंदडत होती. धनाजी कपाटाला पाठ लावून स्टुलावर बसला होता, जेवायलाही उठला नव्हता. मी वाकून हळूच विचारलं, "अरे, एवढी भीती वाटते, तर हेच घर का घेतलंस?"

"दुसऱ्या कुनी घेतलं असतं," तो म्हणाला, "तर गणपतीची मिरवणूक बघायला तितं किती जण हुबे ऱ्हायलेत, ते मला कुठनं कळलं असतं?"